असंबद्ध बापूकाका

सांगलीत ऑगस्ट उजाडला की माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'किती फूट?' विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. 2019 साली ती 57 फुटांच्याही वर गेली आणि ज्यांच्या उंबऱ्याला जन्मात पाणी लागलं नव्हतं, त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंका तरंगल्या. तेव्हा प्रश्न दोन शब्दांचा आणि उत्तरही दोन शब्दांचंच हवं. घाईतल्या माणसानं हा प्रश्न गावभागात कुणालाही विचारावा, फक्त बापूकाकांना विचारू नये.

परवा एका रिक्षावाल्यानं विचारला. गावात नवा असावा.

"काका, किती फूट झालं?"

"त्याचं काय झालं..." असं म्हणून बापूकाका कट्ट्यावर जरा मागे सरकून बसले. ते मागे सरकले की जाणकार पुढे सरकतो, म्हणजे निघून जातो. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि फसला.

काकांनी सुरुवात महाबळेश्वरच्या पावसापासून केली. कोयनेचं घराणं सांगितलं, तिचा अबोल स्वभाव सांगितला, कराडला ती कृष्णेच्या समोरासमोर येऊन कशी थडकते ते सांगितलं. मग खाली हरिपुरात वारणा आडवी येते. काकांच्या सांगण्यात वारणा ही कुठल्याही लग्नात ऐन मुहूर्ताला रुसणारी धाकटी जाऊ आहे. नद्या संपल्यावर माणसं आली. पुलावर जाऊन फूटपट्टी वाचणारा कर्मचारी सकाळी चहा न घेताच घराबाहेर पडला होता, कारण आदल्या रात्री सून एक वाक्य बोलली होती. ते वाक्य ती रागानं बोलली नव्हती, पण ह्याला ते रागाचं वाटलं. पट्टीवरचा आकडा वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे पाणी नव्हतंच, ती सून होती. रिक्षावाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. आकडा यायला आता फार तर एक प्रकरण राहिलं असेल, तेवढ्यात खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"एक्केचाळीस. चढतंय. गाद्या माळ्यावर टाका."

रिक्षावाला भानावर आला, रिक्षा सुरू केली, आणि जाता जाता विचारून गेला, "पण काका, त्या सुनेचं काय झालं?"

बापूकाकांनी आयुष्यात एकही कादंबरी लिहिलेली नाही. ते कादंबरी बोलतात. दळण आणायला गेले तरी येताना पीठ कमी आणि प्रकरणं जास्त घेऊन येतात. आणि हे त्यांनी जन्मावं कुठे, तर सांगलीत! 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते या गावात. देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर इथलेच. या गावाचं रक्त संवादाचं आहे. इथे कुणी दोन वाक्यं सलग बोललं की तिसऱ्या वाक्याला समोरचा एंट्री घेतो. अशा गावात निवेदकाचे हाल होतात. काकांचा यावर एक लाडका सिद्धान्त आहे. वि. स. खांडेकर 1898 मध्ये जन्मले सांगलीत, पण कादंबऱ्या लिहू लागले ते शिरोड्याला, तिकडे कोकणात मास्तरकी करत असताना. का? "कारण इथे मध्ये न बोलता कोण ऐकून घेणार?" पुढे 'ययाती'ला ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, त्याचं श्रेय काका शिरोड्याच्या शांततेला देतात. सिद्धान्त साफ खोटा आहे, पण तो सांगताना काका इतके दुखावलेले दिसतात की कुणी खोडून काढत नाही.

काका नोकरीला होते कोर्टात, बेंच क्लार्क. साहेबांच्या पुढ्यात, एक पायरी खाली बसायचं आणि रोजनामा लिहायचा. रोजनामा म्हणजे त्या दिवशी त्या खटल्यात काय झालं याची नोंद. मराठी गद्यात त्याच्याइतका कंजूष प्रकार दुसरा नसेल. समोर एखादी बाई दोन तास रडून सांगते की दिरानं विहिरीचा दोर कापला, तेव्हा ती पोटुशी होती, दोर सासूनं स्वतःच्या हातानं वळलेला होता, आणि तो कापल्याचं दुःख पाण्यापेक्षा जास्त होतं. रोजनाम्यात येतं : 'वादी हजर. सरतपास पूर्ण. पुढील तारीख.' तीस-बत्तीस वर्षं बापूकाकांनी गावोगावची दुःखं अशी तीन-तीन शब्दांत बसवली. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला, नारळ मिळाला, आणि घरी येऊन काकांनी काकूंना सत्काराची हकीकत सांगायला घेतली. ती अजून पूर्ण झालेली नाही, असं काकू म्हणतात.

माझं मत असं आहे की काकांना कादंबरी शिकवली ती कोर्टानंच. कोर्टात साक्षीदार भरकटला की वकील उठतो आणि 'असंबद्ध' म्हणतो. कुणाकडून तरी ऐकलेलं सांगू लागला की 'ऐकीव' म्हणून थांबवतात. 'मला वाटलं' म्हणाला की साहेब म्हणतात, वाटलं ते नको, पाहिलं ते सांगा. जे उरतं त्याचा पुरावा होतो. जे गळतं ते बापूकाका खालच्या पायरीवर बसून इतकी वर्षं वेचत होते. खून किती वाजता झाला हे कोर्टानं ठेवून घेतलं. त्या वेळी साक्षीदारीण जोंधळे पाखडत होती, आणि पाखडता पाखडता तिला माहेरच्या सुपाची आठवण येत होती, हे काकांच्या वाट्याला आलं. विचार करा, यातलं कादंबरीत काय जातं?

आणि हा काही माझा खेळ नाही. हा योग खुद्द इतिहासानंच जुळवून ठेवला आहे. कुठला पुरावा संबद्ध आणि कुठला नाही हे ठरवणारा 1872 चा पुराव्याचा कायदा ज्या इंग्रजानं रचला, तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. कादंबरीकारांवर त्याचा दातच होता. ते न्यायाबद्दल आणि सरकारबद्दल भलतं चित्र रंगवतात म्हणून त्यानं डिकन्सवर कडक लेख लिहिला होता. आणि त्याच्याच धाकट्या भावाची मुलगी कोण, तर व्हर्जिनिया वुल्फ. काकानं हिंदुस्थानभरच्या कोर्टांना सांगितलं की मनात आलेलं, आठवलेलं, उगाच सुचलेलं गाळा. पुतणीनं ते सगळं उचललं आणि 1925 साली 'मिसेस डॅलोवे'त घातलं. एक बाई सकाळी फुलं आणायला बाहेर पडते आणि रात्री तिच्या घरी मेजवानी होते, घटना म्हणून एवढंच. आपल्याकडे मर्ढेकरांनी 1942 मध्ये 'रात्रीचा दिवस' लिहून तीच वाट धरली. ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, जे त्यांना जमत नाही. मग म्हणाले, "जेवायला बसल्यावर त्या घरात काय बोलत असतील रे?" आणि स्टीफनांच्या घरचं जेवणाचं टेबल त्यांनी आम्हाला दोन संध्याकाळी सांगितलं, तोंडी लावण्यासकट. नवा साक्ष्य अधिनियम 2024 च्या जुलैत लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, पण असंबद्ध ते असंबद्धच राहिलं, म्हणून काकांना चिंता नाही.

आमच्या कट्ट्यावर मराठीचे एक निवृत्त सर येतात. त्यांना काकांचं सांगणं आवडतं, पण ते कशात मोडतं हे ठरल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांच्याकडे बी.ए.च्या वर्गातली यादी आहे : कथानक, पात्रं, वातावरण, निवेदन, भाषाशैली. एकदा त्यांनी सगळं ऐकून निकाल दिला, "बापूराव, ही कादंबरी नव्हे. ही फार तर दीर्घकथा."

"का हो सर? कमी पडलं का?"

सर घाबरून म्हणाले, नाही नाही, कमी नाही. पण लांबीचा मुद्दा निघाला होता आणि तो सरांच्याच अंगावर आला. कुणीतरी आठवण दिली की 'रणांगण' एवढीशी आहे. 1939 सालची, एका बोटीवरच्या मोजक्या दिवसांची, तरी तिला कुणी दीर्घकथा म्हणत नाही. बाबा पदमनजींचं 1857 मधलं 'यमुनापर्यटन', जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात, तीही काही जाडजूड नाही. सर कथानकावर गेले. तर समोर 1963 ची 'कोसला' उभी राहिली. पांडुरंग सांगवीकर गावातून पुण्याला जातो, शिकतो न शिकतो, परत येतो. ह्याला कथानक म्हणायचं तर आमच्या एस.टी.लाही कथानक आहे. सर चिडले. म्हणाले, मग तुम्हीच सांगा, कादंबरी कशाला म्हणायचं?

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात उत्तर दिलं. "सर, माणूस एका दारातून आत गेला आणि त्याच दारातून निराळा होऊन बाहेर आला. मध्ये नेमकं कशानं झालं ते कळत नाही. म्हणून सगळंच सांगायला लागतं."

सर वही काढत होते, तोपर्यंत काकांनी त्या दाराची कडी, कडीचा लोहार आणि लोहाराची दुसरी बायको यांकडे प्रयाण केलं होतं.

काकूंचा प्रकार वेगळा. काकू लघुकथाकार आहेत आणि मला विचाराल तर दोघांत ताकद त्यांची जास्त. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये नवराबायको वेगळे झाले. त्यावर काका अजून तिच्या आजोळापर्यंतच पोचले आहेत. काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, "ती गेली. कुकर तिचा होता. तो आता खानावळीत जेवतो." झालं. यात कादंबरी घालायला कुठे जागा आहे? तरी काकांनी शोधलीच. रात्री ते म्हणाले, "कुकर तिला कुणी दिला होता माहीत आहे का?" आणि काकू भांडी घासायच्या थांबल्या. त्यांनाही माहीत नव्हतं.

काकांचे दोष सांगितले नाहीत तर हे चित्र खोटं होईल. पात्रं फार होतात. दुसऱ्या प्रकरणात हमखास मरगळ येते, त्यात एखादी चिंच किंवा एखादा बंगला असतो, तेव्हा मी मोबाइल बघून घेतो. शिवाय ते सगळ्यांच्या मनात शिरतात, परवानगी न घेता. "त्याच्या मनात आलं की..." "काका, तुम्हाला कसं कळलं त्याच्या मनात काय आलं?" "येणारच रे. तो दाराशी उभा, हातात ओली पिशवी. दुसरं काय येणार?" यावर युक्तिवाद नाही. पण एक गोष्ट मला त्यांची मान्य करावी लागते. त्यांच्या सांगण्यात कुणीच पुरता वाईट निघत नाही. तीन संध्याकाळी ज्याला आम्ही शिव्या घातल्या, तो चौथ्या संध्याकाळी बहिणीच्या फीचे पैसे गुपचूप भरताना सापडतो आणि आमची पंचाईत होते. नेमक्या अशा जागी काका उठतात. "बाकी उद्या." 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः दिलं, तेव्हा घराघरांत यमूची वाट बघितली जात असेल. आमच्याकडे दूधवाला वाट बघतो. काकांचा शेवट ऐकून तो पुढच्या गल्लीत जातो, म्हणून पुढच्या गल्लीचं दूध नासतं.

गेल्या वर्षी हळदीच्या पेठेतले एक दिवाणजी वारले. काकांचे लहानपणापासूनचे दोस्त. अबोल माणूस. आयुष्यभर अडत दुकानात दुसऱ्याचे हिशेब लिहिले, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. तेराव्याला घरी मंडळी जमली होती. तिन्ही मुलांकडे वडिलांबद्दल जे होतं ते रोजनाम्यासारखं होतं : साखर होती, पेन्शन नव्हती, कर्ज फेडलं, कुणाचं देणं ठेवलं नाही. बोलून बोलून ते तीनदा झालं आणि संपलं. मग बापूकाका मागे सरकले.

त्यांनी सांगितलं की दर पगाराच्या दिवशी दिवाणजी घरी यायच्या आधी घाटावर जायचे. सायकल उभी करायचे. पावशेर भडंग घेतलेलं असायचं, लसूण जास्त घातलेलं. ते एकटे बसून सावकाश, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खायचे, पुडीचा कागद झटकून नीट घडी करून खिशात ठेवायचे, आणि तोंड धुऊन घरी जायचे. घरी पाच तोंडं. तिथे नेलं असतं तर वाट्याला मूठभर आलं नसतं.

थोरला मुलगा एकदम तापला. "म्हणजे बाबा आम्हाला सोडून एकटे खायचे?" मधला हसू लागला. इतका हसला की त्याला बाहेर नेलं. धाकटा म्हणाला, खिशात ते कागद सापडायचे, आई त्यांवर हिशेब लिहायची, तेलकट कागदावर शाई पसरायची, म्हणून तिचा हिशेब कधी लागायचा नाही. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. पुढचा तासभर ते तिघं भाऊ एकमेकांना बापाबद्दल सांगत होते, भांडत होते, आणि तेराव्याचं जेवण गार झालं. घरी येताना काकू फणकारल्या, "तेराव्याला असलं सांगतात का कुणी?" काका म्हणाले, "अगं, कर्ज फेडलं हे तर बँकेलाही ठाऊक होतं."

त्या प्रसंगानंतर सरांनी हट्ट धरला की बापूरावांनी आता लिहायलाच पाहिजे. दोनशे पानी वही आणली, शाईचं पेन आणलं, काकांना सकाळच्या उन्हात बसवलं. आम्ही सगळे कट्ट्यावर मूकपणे कादंबरीची वाट बघत बसलो. काका तासाभरानं वही घेऊन बाहेर आले. दिवाणजींवरच लिहिलं होतं. मी ते जसंच्या तसं देतो, कारण ते लांब नाही :

'दिवाणजी घाटावर हजर. भडंग पावशेर. भक्षण पूर्ण. कागद दप्तरी जमा. पुढील कार्यवाहीसाठी घरी.'

सर खचले. काकाही खचले. हातात पेन आलं की बोटं आपोआप गाळायला लागतात, म्हणाले. काकूंनी मात्र ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे की. माझ्यासारखं झालंय." लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या गुणांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. वहीची उरलेली पानं दुधाच्या हिशेबाला गेली.

आणि यंदा उन्हाळ्यात काकांना समन्स आलं. मंडईजवळ एका पोरानं स्कूटर केळेवालीच्या गाड्यावर घातली होती, काका तिथे पिशवी धरून उभे होते, म्हणून साक्षीदार. ज्या कोर्टात आयुष्य खालच्या पायरीवर गेलं, तिथे आता पिंजऱ्यात उभं राहायचं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. न्यायाधीश मॅडम नव्या, वयानं काकांच्या मुलीएवढ्या. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही काय पाहिलं ते थोडक्यात सांगा."

पुढचं मला तिथल्या टायपिस्टनं सांगितलं. काका म्हणाले, "त्याचं काय झालं..." आणि पिंजऱ्याचा कठडा धरून जरा मागे सरकले.

त्या दिवशी एकादशी होती, हे पहिलं आलं. केळेवालीनं एक फणी बाजूला झाकून ठेवली होती. ती कुणासाठी, तर जो पोरगा तिच्या गाड्यावर येऊन आदळणार होता त्याच्या आईसाठी. दोघींची उधारी फार जुनी. ह्या पोराच्या जन्माच्या वेळची काही बाकी होती, जी एकीनं मागितली नव्हती आणि दुसरी विसरली नव्हती. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली. "असंबद्ध." मॅडम म्हणाल्या, मान्य, साक्षीदारानं मुद्द्याचं बोलावं. काका म्हणाले, मुद्द्यावरच येतोय साहेब. त्या दिवशी सकाळी आईनं पोराच्या खिशात नोटा घातल्या होत्या आणि सांगितलं होतं, आधी तिचे देऊन ये, मग कुठे जायचं तिकडे जा. पोरगा पैसे द्यायलाच निघाला होता. पण वाटेत त्याला दुसरं एक काम आठवलं आणि त्याच्या मनात आलं...

"हरकत आहे," वकील ओरडले. "मनात आलं ते साक्षीदाराला कसं कळलं?"

काकांनी उत्तर दिलं नाही. ते पिंजऱ्यातून केळेवालीकडे बघत होते. केळेवाली पोराकडे बघत होती. पोरगा जमिनीकडे. टायपिस्टची बोटं थांबली होती. मॅडमनी चष्मा काढला आणि पेन खाली ठेवून विचारलं, "मग त्यानं पैसे दिले का?"

"तेच तर," बापूकाका म्हणाले, आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली.

दुपारी दुसऱ्याच एका प्रकरणाचा निकाल होता, त्यामुळे काकांचा नंबर लागला नाही. काकांच्या खुर्चीवर आता बसणाऱ्या पोरानं रोजनामा लिहिला : 'साक्षीदार हजर. सरतपास अपूर्ण. पुढील तारीख.' काकांनी वाकून तो वाचला, अक्षर सुधार म्हणून सांगितलं आणि घरी आले. आम्ही कट्ट्यावर वाटच बघत होतो. काय झालं, पैसे दिले का, म्हणून सगळ्यांनी गराडा घातला. काका म्हणाले, साक्ष अर्धी असताना बाहेर बोलता येत नाही, नियम आहे.

आमच्याकडे तारीख पडते ती दोन-तीन महिन्यांनी. ही पुढच्या मंगळवारची पडली.